जमिनीखालचा वायू आणि करकंबची सभा

आईला माझ्या कामाचं फार कौतुक होतं. सगळा घोटाळा झाला तो त्या कौतुकापायीच.

मी सोलापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. शिकवता शिकवता काही वर्षांपूर्वी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय सांगितला की समोरचा माणूस हमखास पुन्हा विचारायचा, त्यामुळे तो सोपा करून सांगायची मला सवय झाली होती. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो पकडायचा, दाबून दाबून दाट करायचा आणि जमिनीखाली किलोमीटरभर खोल, खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाळूच्या दगडात सोडायचा. ते पाणी इतकं खारं असतं की प्यायला चालत नाही आणि पिकालाही चालत नाही. वायू त्या दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतो. पाण्याहून हलका असल्यामुळे वर चढू बघतो आणि वरच्या घट्ट, चिकणमातीच्या दगडाला अडून थांबतो. पुढे काही वायू छिद्रांतच अडकून राहतो, काही पाण्यात विरघळतो आणि फार फार काळाने थोडा दगडाचाच भाग होऊन जातो.

मी स्वतः यातलं काहीच करत नव्हते. हे सगळं कसं घडेल ते कॉम्प्युटरवर मांडून बघणं, एवढंच माझं काम होतं.

मॉडेलसाठी घेतलेला दगडही आमच्याकडचा नव्हता. आमचा जिल्हा सगळा काळ्या कातळावर बसलेला. त्या कातळाच्याही खाली नेमकं काय आहे, याचं उत्तर मला कुठे धड सापडलं नव्हतं. म्हणून मी दुसऱ्या राज्यातला, वाळवंटाच्या अंगाचा एक पट्टा निवडला होता. त्याची माहिती छापील अहवालांत मिळत होती. स्क्रीनवर तो पट्टा म्हणजे एकमेकांना खेटून बसलेली हजारो लहान लहान घरं. प्रत्येक घराला सांगायचं की तुझ्यात छिद्रं किती, तुझ्यातून पाणी किती सहज वाहतं, तुझ्यावर दाब किती. मग एका ठिकाणाहून वायू सोडायचा आणि बघत बसायचं. खारं पाणी निळं, वायू लाल. दुपारी रन लावून, म्हणजे प्रोग्रॅम चालू करून, घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात पाय ठेवला की हजेरीच्या सहीआधी लॅबमध्ये डोकावायचं, अशी माझी रीत होती.

गणित सगळं मीच घातलेलं असायचं, तरी पुढे काय दिसणार ते मला ठाऊक नसायचं. याचंच मला नवल वाटायचं. कधी तो लाल डाग छत्रीसारखा पसरायचा, कधी एकाच बाजूला जीभ काढल्यासारखा लांब जायचा. एका रनमध्ये मी घरं अगदी बारीक करून बघितली, तेव्हा वायू विरघळून जड झालेलं पाणी वडाच्या पारंब्यांसारखं खाली उतरताना दिसलं. पुस्तकात असं होतं म्हणून वाचलं होतं. पण आपल्या हाताने मांडलेल्या आकड्यांतून पारंब्या फुटताना बघणं वेगळं. त्या दिवशी मी चार-पाच जणांना बोलावून ते दाखवलं होतं.

आई त्याच सुमारास डोळे तपासायला माझ्या माहेराहून, करकंबहून, सोलापूरला आली. डॉक्टरांकडून परतताना कॉलेज वाटेतच होतं, म्हणून तिला लॅबमध्ये घेऊन गेले. तिने खुर्ची ओढून घेतली आणि स्क्रीनच्या अगदी जवळ बसली.

"ह्ये लाल काय गं?"

"वायू. कारखान्याच्या धुरातला."

"आन् निळं?"

"पाणी. लई खोलवरचं, खारं."

तिने लाल डागावर बोट ठेवलं. "म्हंजे तू धूर पाताळात पुरतीस म्हण की."

"कॉम्प्युटरवर, आई. खरंखुरं नाही."

तिने मान हलवली. पण करकंबला जाताना त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ती घेऊन गेली, दुसरं लॅबमध्येच राहिलं.

नंतर धाकट्या भावाने सांगितलं ते असं. आई दळण घेऊन गिरणीत गेली होती. तिथे बायकांत मुलींच्या नोकऱ्यांचा विषय निघाला. कुणाची पुण्यात, कुणाची बँकेत. आई म्हणाली, "माजी लेक पाताळात ग्यास भरती." एवढंच. तिने ते अभिमानाने सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यांनीही आधी अभिमानानेच ऐकलं. पण त्या दिवसांत आमच्या भागातल्या कुठल्याशा साखर कारखान्याजवळ इथेनॉलचा प्लँट होणार अशी बोलणी चालू होती. मळी आंबवली की कार्बन डायऑक्साइड निघतो, हे आमच्याकडे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. कुणीतरी दोन्ही गोष्टी जोडल्या. आठवड्याच्या बाजारापर्यंत त्याचं असं झालं की कारखान्याचा वायू करकंबच्या शिवारात बोअर मारून भरणार आहेत, विहिरींचं पाणी नासणार आहे, आणि हे काम करणारी बाई आपल्याच गावची आहे.

भावाचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते.

"आक्का, हितं येगळंच चालू झालंय. लोकं मला इचारायलेत, तुज्या बहिनीनं कुटली जागा धरली म्हणून."

"कसली जागा?"

"ग्यास भरायची. आपल्या मळ्यामागचा माळ धरलाय म्हनत्यात."

मला हसू आलं. तो हसला नाही. त्याच्या जवळच्या एका मित्राने चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याला सुनावलं होतं की तुम्ही विकून मोकळे व्हाल, आम्ही कुठे जायचं. ज्यांच्याबरोबर तो रोज उठतो-बसतो, त्यांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं होतं. आई तर गिरणीत जायचीच थांबली होती. आपण काय चुकीचं बोललो हे तिला कळत नव्हतं, आणि भाऊ तिला दोष देत नव्हता, पण घरात कुणी धड जेवत नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी माझ्या गाइड सरांना हे सांगितलं. त्यांना वाटलं, एक कागद लिहून पाठवावा, सरळ भाषेत, गावात कुणी वाचून दाखवेल. मी लिहायला बसलेसुद्धा. पण ज्या माणसांना भीती वाटते आहे त्यांना कागद वाचून दाखवायचा, हे काही मनाला पटेना. शेवटी मी भावाला म्हटलं, रविवारी सगळ्यांना शाळेत बोलाव. मी येते आणि काय ते दाखवते.

दाखवते म्हणाले खरी, पण दाखवणार काय? लॅपटॉपवरचे लाल-निळे डाग बघून आईचाच गैरसमज झाला होता. सर म्हणाले, "काचेची टाकी करा. वाळू भरा. डोळ्यांना दिसलं पाहिजे."

माझे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. हाताने काही करायचं म्हटलं की त्यांना उत्साह येतो. संध्याकाळी आम्ही दोघं काचवाल्याकडे गेलो. मला हवी होती टाकी लांब आणि उंच, पण आतून फक्त चार बोटं रुंद. काचवाल्याने माप दोनदा विचारलं.

"इतना पतला? मछली किधर फिरेंगी मॅडम?"

"मछली नहीं, वाळू डालनी है," मी म्हटलं. त्याने यजमानांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

वायूच्या जागी पाण्याहून हलकं आणि रंगीत असं काहीतरी हवं होतं. यजमान कारखान्यातून टॉवेल रंगवायचा लाल रंग घेऊन आले. आम्ही तो गोड्या तेलात टाकला. रंग काही केल्या विरघळेना, दाणे तळाशी बसून राहिले. मग लक्षात आलं की तो पाण्यातला रंग, तेलात कसा उतरणार? रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं आणि त्यात लाल ऑइल पेंट कालवला. ते जमलं. खाली धुतलेली जाड वाळू, तिच्यात मिठाचं पाणी, त्यावर शाडूच्या मातीचा जाड थर, त्यावर पुन्हा वाळू आणि सगळ्यांत वर साधं पाणी. वरचं पाणी म्हणजे आपल्या विहिरी. एका कडेने तळापर्यंत जाणारी बारीक नळी आणि तिला मोठी सिरिंज.

घरी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर पोटावर पडून बघत होतो. लाल टर्पेंटाइन वाळूतून वर सरकत गेलं. वाटलं होतं सरळ रेघेत चढेल, पण ते दाण्यादाण्याला अडत, एकदा इकडून एकदा तिकडून वाट काढत गेलं. शाडूच्या थराखाली पोचलं आणि आडवं पसरलं. वर आलं नाही. सिरिंजने उलट ओढून घेतलं तरी वाळूत लाल ठिपके मागे राहिलेच. मी यजमानांना म्हटलं, "हे बघा, हेच. छिद्रांत अडकलेला वायू. सगळा परत निघतच नाही." ते म्हणाले, "टॉवेलसारखं आहे. कितीही पिळा, ओल राहतेच." मी पुढे वर्गात शिकवताना हे उदाहरण त्यांचं म्हणूनच सांगत आले आहे.

रविवारी सकाळी त्यांच्या मालकांचा टेम्पो मिळाला. टाकीला कारखान्यातले खराब निघालेले टॉवेल गुंडाळले आणि आम्ही दोघं पुढे बसलो. मोहोळ गेलं, टेंभुर्णीला चहाला थांबलो. मी मागे चढून टॉवेल बाजूला करून बघितलं. काच शाबूत होती, पाणी कुठून झिरपत नव्हतं. तिथून करकंबकडे वळल्यावर रस्ता ठिकठिकाणी उखडलेला होता. उसाच्या ट्रॉल्यांनी त्याची वाट लावलेली असते. मी आरशातून मागे बघत होते आणि यजमान ड्रायव्हरला सारखं सांगत होते, हळू घ्या, हळू घ्या.

शाळेच्या शेडमध्ये माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त माणसं होती. बाप्ये खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. आई पहिल्या रांगेत, पदर डोक्यावर घेऊन, कुणाकडे न बघता बसलेली. भाऊ दाराशी उभा होता.

मी आधी स्पष्टच सांगितलं की करकंबला असं काही होणार नाही. मी कुणाच्या वतीने आलेले नाही. मी कॉलेजात शिकवते आणि हा माझा अभ्यास आहे. जो दगड मी अभ्यासते तो इथला नाहीच. लोक ऐकत होते, पण चेहऱ्यांवर काही हललं नाही. मागून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मग आमच्या गावात हे सांगायला यायचं कारन काय?"

"कारण अफवा इथे आहे," मी म्हटलं. "आणि हे लोक माझे आहेत."

मग टाकीवरचे टॉवेल काढले. त्याबरोबर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि सगळे पुढे आले. बायकाही उठल्या. मी एकेक थर दाखवला. हे खोलवरचं खारं पाणी, हे झाकण, या वर आपल्या विहिरी. सिरिंज यजमानांच्या हातात होती. त्यांनी हळूहळू दाबायला सुरुवात केली. लाल रंग वाळूत उतरला आणि वर चढू लागला. रंग शाडूखाली पोचला, पसरू लागला.

"बघा," मी म्हटलं, "इथे अडला. वर जागा नाही त्याला."

आधी वास आला. टर्पेंटाइनचा, रंगकामाच्या घरात येतो तसा. मला वाटलं सिरिंजमधून सांडलं असेल. तेवढ्यात पुढे उभी असलेली एक बाई शांतपणे म्हणाली, "बाई, त्ये बगा की. ह्या कडंनं निगालं वर."

टाकीच्या उजव्या कडेला, शाडू आणि काच जिथे मिळतात तिथून, दोऱ्याएवढी एक लाल रेघ वर चढत होती. ती वरच्या वाळूत शिरली, मग पाण्यात पोचली आणि पाण्यावर लाल तवंग पसरला. विहिरीवर.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. यजमानांनी सिरिंज दाबायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. माझे कान गरम झाले होते. मनात पहिलं आलं ते हेच की टेम्पोला दोष द्यावा. तो खरा होताही. रस्त्याच्या हादऱ्यांनी शाडू काचेपासून सुटला असणार. मी तसं सांगितलं.

"मग जमीन हादरत न्हाय व्हय?" मागचे तेच गृहस्थ म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. शेजारच्या जिल्ह्यातला भूकंप आमच्याकडच्या वयस्कर माणसांच्या अंगातून अजून गेलेला नाही. मी टाकीकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाज वाटायची थांबली होती. ती रेघ का तिथूनच गेली, हे मला जाणून घ्यायचं होतं. मातीचा थर कुठेच फुटला नव्हता. मधोमध तो जसाच्या तसा घट्ट होता. फुटला होता तो फक्त सांधा.

मी खाली बसले आणि बोटाने तो सांधा दाखवला. म्हटलं, "हादरते. म्हणून जिथे जमीन हादरते, जिथे भेगा आहेत, अशी जागा घेत नाहीत. आणि खाली वायू सोडताना दाब वाढवला तर जमिनीलाही धक्के बसू शकतात, तेही खरं आहे. पण तुम्ही आत्ता जे बघितलं ते त्याहून महत्त्वाचं आहे. माती फुटली नाही. माती आणि काच यांच्यामधून निघालं. जमिनीत काच नसते, पण माणसाने मारलेलं भोक असतं. त्या भोकात लोखंडी पाइप असतो आणि पाइपाभोवती सिमेंट. ते सिमेंट सुटलं तर तिथून असंच निघेल."

"मग करायचं कशाला असलं?" एका तरुण मुलीने विचारलं. ती बारावीला असावी.

हा प्रश्न मला कॉलेजातही विचारत. मी तिला सांगितलं की धूर आत्ता जातो तो आपल्या डोक्यावर जातो आणि तिथेच राहतो. तो कमी करणं सगळ्यांत चांगलं. पण सिमेंटचे, लोखंडाचे कारखाने उद्या बंद होणार नाहीत, म्हणून जगभर लोक हाही एक उपाय चाचपून बघतायत. तो नीट होईल की नाही हे बघण्यासाठीच माझ्यासारखी माणसं आधी कॉम्प्युटरवर बघतात. "आणि नाही जमणार असं दिसलं तर?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तर तसं लिहायचं." तिने मान डोलावली. तिचं समाधान झालं की नाही, मला कळलं नाही.

त्यानंतर सभा अशी राहिलीच नाही. लोक टाकीभोवती जमले. एकाने सिरिंज मागून घेतली आणि स्वतः दाबून बघितलं. दोघींनी वरची वाळू सारून शाडू बोटाने चेपून सांधा बुजवला, तरी रंग दुसरीकडून निघाला, मग पुन्हा चेपला. मागचे ते गृहस्थ मात्र जवळ आले नाहीत. जाताना मला म्हणाले, "तू चांगली हायस. पन तुज्यामागनं कोन येतंय, त्ये तुलाबी म्हाईत न्हाय."

घरी जेवताना भाऊ म्हणाला, "त्ये निगालं नसतं तर बरं झालं असतं, आक्का. निम्मी मानसं आता जास्तच भ्याली."

"आन् निम्मी?" आईने विचारलं.

"निम्मी इचारायलेत, टाकी कुटं मिळती."

आई त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी ती दळण घेऊन गेली, असं भावाने फोनवर सांगितलं. त्याच्याशी तो टपरीवरचा मित्र मात्र बरेच दिवस तुटकपणेच वागत होता. हळूहळू ते निवळलं. नेमकं कशाने, ते भावालाही सांगता आलं नाही.

मी सोलापूरला परत आल्यावर सरांना सगळं सांगितलं. त्यांना ती फसलेली टाकी फार आवडली. ते म्हणाले, "मॉडेलमध्ये सांधा आहे का?"

नव्हता. माझ्या पट्ट्यात वरचा थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड होता. अहवालांच्या नकाशांवर पूर्वी तेल शोधण्यासाठी मारलेल्या काही जुन्या विहिरी दिसत होत्या. त्यातली एक माझ्या हद्दीच्या जरा बाहेर होती. बहुतेक जण सुरुवातीला असंच करतात, आधी साधं चित्र मांडतात. मी हद्द वाढवली आणि ती विहीर आत घेतली. घरांच्या त्या गर्दीत एक उभी, अगदी अरुंद रांग, आणि तिच्यातून वायू किती सहज वर जाईल याचा एक आकडा. तो आकडा खरा काय असेल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून मी तो कमी-जास्त करून बघायचं ठरवलं.

पहिले रन चाललेच नाहीत. इतक्या मोठ्या घरांशेजारी इतकी अरुंद घरं ठेवली की गणित अडखळतं. प्रोग्रॅम थोडं चालून बंद पडायचा. विहिरीच्या आजूबाजूची घरं टप्प्याटप्प्याने लहान करत न्यावी लागली. मग एका दुपारी रन सुरळीत चालू राहिला आणि मी त्या दिवशी घरी न जाता समोर बसून राहिले.

लाल डाग नेहमीसारखा झाकणाखाली पसरत गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो विहिरीपाशी पोचला. तिथून एक बारीक रेघ वर निघाली. शाळेतल्या रेघेसारखी नव्हती ती. टाकीत ती सरळ वरच्या साध्या पाण्यापर्यंत पोचली होती. इथे मध्येच वाळूच्या दगडाचा दुसरा थर आला, त्यालाही वर झाकण होतं, आणि रेघेतला बराचसा वायू त्या थरात शिरून आडवा पसरला. एक लहान छत्री मोठ्या छत्रीवर. त्याच्याही वर थोडा गेला, फार नाही. आकडा वाढवला की जास्त जायचा, कमी केला की मधल्याच थरात विरायचा.

माझ्या मनात लगेच पुढचे प्रश्न उभे राहिले. मधला थर जाड असता तर? दोन विहिरी असत्या तर? वायू मधल्या थरात शिरला हे वरून कसं कळेल? त्याआधी माझा प्रबंध सगळा "वायू राहतो का" याभोवती होता. त्या दुपारनंतर तो "निघाला तर कुठून, कुठवर आणि आपल्याला केव्हा कळेल" इकडे वळला. सर म्हणाले, काम वाढलं. मी म्हटलं, हो. वर्षभर वाढलं. घरच्यांनी कुरकुर केली, ती रास्त होती.

प्रबंध मंजूर झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विहिरीच्या प्रकरणावरच सगळ्यांत जास्त वेळ प्रश्न विचारले. एका प्रश्नाला मी "माहीत नाही" असं उत्तर दिलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

करकंबला मात्र माझी वेगळीच ओळख तयार झाली आहे. जमिनीखालचं काहीही असलं की फोन मला येतो. एका बाईच्या बोअरमधून पाण्याबरोबर बुडबुडे यायला लागले, तर तिने आधी मेकॅनिकला नाही, मला फोन केला. पाणी खाली गेलं होतं आणि पंप हवा ओढत होता, एवढंच होतं. कुणी विचारतं खारं पाणी का लागलं, कुणी विचारतं शेजारच्याला लागलं आणि मला का नाही. मी दगडांची जाणकार नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. कुणी ते मनावर घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भावाने मळ्यात बोअर घ्यायचं ठरवलं. मी मुद्दाम गेले. इतकी वर्षं जमिनीखाली काय चालतं याचा हिशेब मांडत होते, पण भोक पडताना कधी समोर उभी राहिले नव्हते. बोअरच्या गाडीचा आवाज एवढा की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. आधी काळी भुकटी उडाली, मग राखाडी, मग पुन्हा काळी. दगड तोच, छटा वेगळ्या. आणि मग एकदम लाल भुकटी यायला लागली, वीटभट्टीच्या मातीसारखी. बोअरवाल्यांना त्याचं काही नवल नव्हतं. मी मात्र वाकून मूठभर उचलली.

पुस्तकात वाचलेलं होतं. काळ्या कातळाचे थर म्हणजे एकावर एक वाहून आलेला लाव्हा. एक थर थंड झाला की मध्ये पुष्कळ काळ जायचा, वरचा दगड ऊन-पावसाने झिजून माती व्हायची, आणि मग नवा लाव्हा येऊन ती माती भाजून काढायचा. तीच ही. म्हणजे त्या खोलीवर कधीतरी उघडी जमीन होती.

आई सावलीत बसली होती. मी तिला मूठ उघडून दाखवली आणि हे सगळं सांगितलं. तिने चिमूटभर घेऊन बोटांत चोळली.

"म्हंजे ह्येच्यावर पाऊस पडलेला?"

"हो. माणूस नव्हता तेव्हा."

"मग काय उगवत हुतं?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही, विचारून सांगते. कॉलेजात परत आल्यावर मी खरंच दोन-तीन जणांना विचारलं. एकाने एक पुस्तक सुचवलं आहे. अजून वाचून झालेलं नाही.